चौदा महिन्यांनंतरचा पहिला घास : अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर एका मुलीला खायला शिकवलं त्याची पूर्ण केस

जन्मापासून चौदा महिने तोंडाने जवळजवळ काहीच न गेलेल्या एका मुलीची ही केस आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं कुटुंब, आईवडिलांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत किंवा गाळलेत. मी स्पीच थेरपिस्ट आहे, आता कुणी म्हणेल खाण्याचा आणि स्पीचचा काय संबंध, पण ओठ, जीभ, गाल, टाळू, घसा हेच सगळं बोलायलाही लागतं आणि गिळायलाही, त्यामुळे गिळण्याच्या तक्रारी आमच्याकडे येतात. एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे अशा मुलांच्या आईवडिलांना ऑपरेशनबद्दल बरंच सांगितलं जातं, पण "आता तोंडाने चालू करा" असं म्हटल्यावर घरी जाऊन नेमकं काय करायचं हे त्यांच्याशी बसून बोलणारं कुणी भेटत नाही. आणि माझं ठाम मत आहे की पोट भरणं आणि खायला शिकणं ही दोन वेगळी कामं आहेत, सुरुवातीलाच ती एकत्र केली की दोन्ही बिघडतात.

आधीचं सगळं

गरोदरपणात सोनोग्राफीत गर्भजल जास्त दिसलं होतं. पोटातलं बाळ ते पाणी गिळत असतं, गिळताच येत नसेल तर ते वाढतं, पण पाणी वाढायला इतरही कारणं असतात म्हणून तेव्हा लक्षात आलं नाही. जन्माचं वजन २.४ किलो. जन्मल्यावर तोंडाला सतत फेस, आणि नाकातोंडातून नळी घालून बघितली तर ती १० सेंटिमीटरच्या आसपास अडकली, एक्सरेत ती वरच वेटोळं घालून बसलेली दिसली. म्हणजे अन्ननलिका मध्येच तुटलेली, वरचं टोक बंद आणि खालचं टोक श्वासनलिकेला जोडलेलं. साधारण तीन-चार हजार बाळांत एखाद्याला हा दोष असतो आणि त्यातला हाच प्रकार सगळ्यात जास्त, ८५ टक्क्यांच्या आसपास. १९४१ मध्ये अमेरिकेत मिशिगनला कॅमेरॉन हाइट नावाच्या सर्जननी एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही टोकं जोडून बाळ वाचवलं, त्याच्या आधी अशी बाळं क्वचितच जगायची. आता चांगल्या ठिकाणी वेळेत पोचलेली बहुतेक बाळं वाचतात, आणि वाचतात म्हणूनच ती खाणार कशी हा प्रश्न आपल्यापर्यंत येतो.

हिला दुसऱ्या दिवशी मुंबईला नेऊन ऑपरेशन झालं. जोडलेल्या जागी लीक झालं, व्हेंटिलेटर, न्यूमोनिया, मग दूध देता यावं म्हणून पोटात थेट नळी बसवली. पुढे जोडाची जागा आकसली, ती भूल देऊन बलूनने पुन्हा पुन्हा मोठी करावी लागली. हे या आजारात बऱ्याच मुलांना होतं, त्यात कुणाची चूक नसते. त्यात भर म्हणजे सारखी छाती भरायची, तपासलं तर श्वासनलिकेकडे जाणारी वाट परत उघडलेली, म्हणून दहाव्या महिन्यात दुसरं मोठं ऑपरेशन. तोपर्यंत तोंडाने काही द्यायला सक्त मनाई होती. तेराव्या महिन्यात डाय गिळवून एक्सरे काढला तो चांगला आला, डाय श्वासनलिकेत जात नव्हता, सर्जननी परवानगी दिली.

मग घरी एक महिना प्रयत्न चालले. नाचणीचं सत्त्व, सफरचंदाची प्युरी, मुगाच्या डाळीचं पाणी, सगळं झालं. मुलगी तोंड उघडेना. मोबाईलवर कार्टून लावून, हात धरून, रडताना तोंड उघडलं की चमचा आत, असंही झालं आणि ते सगळं उलटून बाहेर आलं. आई सांगताना रडत होती. मी तिला म्हटलं, ताई, यात तुमचं काही चुकलेलं नाही, आपल्याकडे बाळ खात नसेल तर हेच सांगतात सगळे.

पहिल्या भेटीत काय दिसलं

वय १४ महिने, वजन ७.६ किलो म्हणजे त्या वयाच्या मुलींच्या खालच्या रेषेला अगदी टेकलेलं. हिमोग्लोबिन ९.२, कारण इतके महिने मुख्यतः दुधावरच. धरून उभी राहत होती, नजर तल्लख, आजीच्या मागे मागे रांगत होती. सहा दात आले होते पण त्यांना ब्रश लागला नव्हता. (जे मूल तोंडाने खात नाही त्याचे दात घासायची गरज नाही असं वाटतं, प्रत्यक्षात अशा मुलांच्या दातांवर कीट जास्त चढतं आणि तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत जायची भीती असते, त्यामुळे ब्रश रोज.) खोकला भुंकल्यासारखा, या मुलांची श्वासनलिका मऊ असते म्हणून तसा येतो, शेजारीपाजारी घाबरतात पण तो नवा नव्हता.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. दीड तास मुलगी माझ्यासमोर खेळली आणि त्यात एकदाही कुठली वस्तू तोंडात घातली नाही. या वयाचं मूल चावी, चप्पल, चार्जरची वायर काहीही तोंडात घालतं, त्यातूनच तोंड शिकत असतं की हे कडक, हे मऊ, हे थंड, आणि उलटी आल्यासारखं होण्याची जी जागा असते ती हळूहळू जिभेच्या मागे सरकते. हिचं तसं काहीच झालेलं नव्हतं. हिच्या तोंडात चौदा महिन्यांत गेलं ते काय, तर सक्शनची नळी, भुलीची नळी, दुर्बीण. गालाला बोट लावलं तरी मान फिरवायची. चमचा फूटभर लांब असतानाच डोळ्यात पाणी आणि उमासा. ओला भात हाताला लागला तर बोटं फाकवून हात हवेत धरून बसायची, आईने पुसेपर्यंत.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ साली जन्मलेल्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झालाय, त्यात असं दिसलं की ज्यांना गाठीगाठीचं, कुस्करलेलं अन्न ९-१० महिन्यांच्या पुढे मिळालं त्यांना नंतर खाण्याच्या तक्रारी जास्त होत्या. ती साधी निरोगी मुलं होती. हिची तर ती वेळ हॉस्पिटलमध्येच गेली. पण वेळ गेली म्हणजे दार बंद झालं असं नाही, फक्त वय बघून चालत नाही, तोंड कितव्या महिन्याचं आहे ते बघायचं. हिचं वय १४ महिने आणि तोंड चार-पाच महिन्यांचं, तेही घाबरलेलं.

सुरू करण्याआधी मी सर्जन आणि बालरोगतज्ज्ञ दोघांशी बोलले. जोडाची जागा आत्ता किती मोकळी आहे, पित्ताचं औषध चालू आहे का (या मुलांना ॲसिड वर येतं, घसा जळत असेल तर कुठलं मूल खाईल), लोहाचं औषध कोण बघतंय, आणि काय दिसलं तर लगेच थांबवायचं. ही परवानगी नसताना कुणीही हे वाचून घरी सुरू करू नये, हे मी जीव तोडून सांगते.

चमचा बंद

पहिली गोष्ट काय केली तर घरच्यांना सांगितलं, चमचा भरवणं बंद. पूर्ण बंद. आजी माझ्याकडे बघतच राहिल्या, म्हणाल्या, "मॅडम, आम्ही एवढ्या लांबून खायला शिकवायला आणलंय पोरीला." त्यांचं बरोबरच होतं, पण मी त्यांना समजावलं की पोट भरायची जबाबदारी सध्या नळीवर आहे, तिला ते काम नीट करू द्या म्हणजे आपल्याला तोंडाकडून भीक मागावी लागणार नाही. एका घासाने वजन वाढणार नसतं, पण जबरदस्तीच्या एका घासाने महिनाभराचं काम वाया जातं.

मग नळीच्या वेळा बघितल्या. दर दोन-अडीच तासाला फीड, बरीच झोपेत, कारण झोपेत दिलं की उलटी कमी. अशा मुलाला भूक म्हणजे काय हेच कळत नाही, पोट रिकामंच होत नाही ना, आणि पोट भरतंय ते तोंडाशी जोडलंच जात नाही. डाएटिशियन आणि डॉक्टरांना विचारून फीड हळूहळू कमी वेळा पण थोडी जास्त असं करत दिवसातून पाच वेळांवर आणली, रात्रीचं एक तेवढं ठेवलं. दिवसाचं प्रत्येक फीड जागेपणी, बसवून, अर्धा तास सावकाश, सिरिंजचा दट्ट्या न दाबता नुसती वर धरून. आणि घरात बाकीचे जेवत असतील तेव्हाच, त्यांच्यात बसवून. आजोबा पाटावर, आजी पाटावर, ही भिंतीला टेकून छोट्या खुर्चीत, पायाखाली जुन्या फोनबुकांचा गठ्ठा, कारण पाय लोंबकळत असले की मूल अंग सावरण्यातच दमतं, जिभेकडे लक्ष कुठून देणार. समोर एक ताटली, तिच्यात सगळ्यांच्या पानातलं थोडं थोडं. खायला नाही, नुसतं असू दे म्हणून. हात घातला तर घातला, खाली टाकलं तर टाकू दे, कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, कुणी "अरे वा खाल्लं खाल्लं" करायचं नाही. हे शेवटचं पाळणं घरच्यांना सगळ्यात जड गेलं.

जेवणाव्यतिरिक्त खेळ. कोरड्या तांदळात हात, मग भिजवलेल्या साबुदाण्यात, मग कणकेत, मग दह्यात. बाहुलीला भरवणं. आरशात बघून ओठांचा चंबू. आईच्या गालावर हिने बोट लावायचं, मग हिच्या गालावर आईने, हिने मान हलवली की थांबायचं. मऊ ब्रश आधी तिच्या हातात, तिने स्वतःच्या तोंडात घालेपर्यंत. ब्रश तिच्या तोंडात पहिल्यांदा गेला तो आजोबा दात घासत असताना, त्यांचं बघून.

पहिली चव

पहिली चव गोड असावी असं सगळ्यांना वाटतं. हिच्या बाबतीत गोडाला काहीच उत्तर मिळालं नाही. कोकणातलं घर, आमसुलाचं सार असायचंच, एका दुपारी ताटलीत साराची दोन थेंबांची ओल होती, हिने त्यात बोट बुडवलं, बोटाकडे बघितलं, आणि तोंडात घातलं. चेहरा आवळला, एक डोळा मिटला, अंगावर शहारा आला, आणि परत बोट बुडवलं. आईने व्हिडिओ पाठवला त्यात मागे कुणीही आवाज करत नाहीये, सगळे आपापल्या पानात बघताहेत, आणि आईचा हात थरथरतोय म्हणून चित्र हलतंय. आंबट चव तोंडाला जाग आणते, लाळ सुटते, काही मुलांना ती गोडापेक्षा लवकर कळते. ॲसिडचा त्रास असलेल्या मुलाला वाटीभर सार द्यायचं नाही हे उघड आहे, आपण बोटावरच्या ओलीबद्दल बोलतोय, आणि तेही डॉक्टरांच्या कानावर घालून.

त्यानंतर बुडवायचे पदार्थ सुरू केले. बुडवायला तिची बोटं, नाहीतर एक सपाट, उथळ, छोटा चमचा, दोन चमचे असतात, एक कायम तिच्या हातात. आईने चमचा बुडवून तिच्यासमोर आडवा धरायचा, तोंडापाशी न्यायचा नाही, तिने पुढे येऊन घेतला तर घेतला. वरच्या ओठावर किंवा हिरडीवर घासून चमचा रिकामा करायचा नाही, ही सवय आपल्या सगळ्यांना असते. पदार्थ अगदी गुळगुळीत, एकजीव. इथे कुळथाची पिठी फार कामी आली. घट्टसर शिजवलेली, मीठ बेताचं, लसूण आणि तिखट नाही, वर तुपाचा थेंब. चमच्यात गोळा धरून राहते आणि चमचा तिरका केला की एका झटक्यात घसरते, चिकटत नाही, पाणी सुटत नाही. गिळण्याच्या त्रासासाठी जगभर वापरतात ती आयडीडीएसआय नावाची मोजपट्टी आहे, ० ते ७ पायऱ्यांची, तिच्यातली चौथी पायरी म्हणजे अगदी हेच. बाजारचे डबे घ्यायची गरज नाही, आपल्या स्वयंपाकघरात चौथ्या पायरीचं भरपूर आहे, नाचणीचं सत्त्व, लाल भोपळा उकडून गाळलेला, रताळं दूध घालून घोटलेलं, घट्ट दही.

सोळाव्या महिन्यात सगळं मिळून दिवसाला दोन-तीन चमचे जात होते. वजनाच्या हिशेबात काहीच नाही, पण उमासे जवळजवळ थांबले होते, आणि जेवायला बसायचं म्हटलं की ती स्वतः खुर्चीकडे जायची.

उष्टावण

घरात एक विषय कायम होता, उष्टावण राहिलंय. मुलींचं पाचव्या-सातव्या महिन्यात करतात, हिचं तेव्हा काय करणार. आता खायला लागलीय म्हणून मुहूर्त काढायचा, मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायची, पन्नास माणसं. मला विचारलं, मी नाही म्हटलं नाही. त्या समारंभाची त्या आईला किती गरज होती ते मला दिसत होतं, वर्षभर तिने फक्त हॉस्पिटलचे कागद सांभाळले होते. एवढंच सांगितलं की माणसं थोडी बोलवा, सकाळी ती ताजीतवानी असताना करा, आणि अंगठी मामाने तिच्या तोंडात घालायची नाही. मामाने वाटी धरली, अंगठी खिरीत बुडवून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती खाली टाकली आणि खिरीत हात घातला. थोडी खीर तोंडाला लागली, बरीचशी मामाच्या शर्टाला. भटजींनी झालं म्हटलं. आजी त्या दिवसापासून माझ्या बाजूच्या झाल्या.

गाठी, आणि मग अडकलेला घास

गुळगुळीतवरून पुढे जाताना आपल्याकडे सरळ आमटीभात कालवून देतात. साध्या मुलाला चालतं, पण अशा मुलाला तो सगळ्यात अवघड पदार्थ, कारण पातळ पाणी आणि शितं एकदम तोंडात येतात, पाणी आधी घशात पळतं आणि शितं जिभेवर राहतात, दोघांचं वेळापत्रक सांभाळायला तोंड तयार नसतं. म्हणून गुरगुट्या भात, तोही तूप-मेतकूट घालून घोटून, एकसारखा ओलसर. लहान मुलांसाठी कण २ मिलिमीटरच्या आत हवेत, साध्या काट्याच्या दोन दात्यांमधली फट साधारण ४ मिलिमीटर असते, म्हणजे तिच्या निम्मे, एवढं लक्षात ठेवलं की झालं. नंतर मऊ तुकडे, तेही ८ मिलिमीटरपर्यंतच आणि बोटाने दाबले की चेपणारे, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं, पपई, अंड्याचं मऊ ऑम्लेट. अंडं, शेंगदाण्याचं पातळ केलेलं कूट वगैरे आणखी लांबवण्यात अर्थ नव्हता, डॉक्टरांना विचारून एकेक करून दिलं, मध्ये दोन-तीन दिवस ठेवून. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं, पॉपकॉर्न अर्थातच नाही.

चावायला शिकवणं वेगळं. चावण्यासाठी घास जिभेने बाजूला, दाढांच्या जागी न्यावा लागतो आणि हिची जीभ फक्त पुढे-मागे जायची. म्हणून चघळायची रबरी नळी, आणि आईसक्रीमच्या कोनाचा पातळ तुकडा, समोरून नाही, गालाच्या बाजूने हिरड्यांच्या मध्ये द्यायचा, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. तो लाळेत विरघळतो त्यामुळे चावणं जमलं नाही तरी धोका कमी. जीभ त्याला शोधायला बाजूला वळली तो दिवस माझ्यासाठी मोठा होता.

आणि एकोणिसाव्या महिन्यात पोळी अडकली. घरात पाहुणे, कुणीतरी प्रेमाने दुधात बुडवलेला पोळीचा तुकडा दिला. मैद्या-कणकेचे पदार्थ, पाव, चिकनचे धागे, सफरचंदाची साल हे अन्ननलिकेच्या मुलांना हमखास अडकणारे, कारण चावून त्यांचा चिकट गोळा होतो आणि यांची अन्ननलिका बाकीच्यांसारखी घास ढकलत नाही, जोडाच्या खालचा भाग जरा सुस्तच असतो. मुलगी रडत होती, श्वास नीट होता, रंग चांगला होता, पण लाळ गळतच होती, स्वतःची थुंकीसुद्धा गिळेना. इथे दोन गोष्टींतला फरक प्रत्येक घरात माहीत पाहिजे. श्वासनलिकेत अडकलं तर आवाज बंद होतो, खोकताही येत नाही, ओठ निळे पडतात, तिथे क्षणाचा उशीर नको, वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पालथं धरून पाठीत पाच थापा आणि मग छातीवर पाच दाब, वर्षाच्या वरच्याला पाठीत थापा आणि पोटावर दाब, आणि कुणालातरी ॲम्ब्युलन्सला फोन करायला लावा. अन्ननलिकेत अडकलं तर मूल श्वास घेतं, रडतं, पण लाळ बाहेर येते, तिथे वरून केळं, भात, पाणी काही ढकलायचं नाही, बसतं ठेवून हॉस्पिटल गाठायचं. ते गेले, भूल देऊन दुर्बिणीने तुकडा काढला आणि तेव्हाच दिसलं की जोडाची जागा परत आकसलीय, ती मोठी केली.

म्हणजे आधीचे दोन आठवडे ती जेवण लांबवत होती, पातळच मागत होती, ते नखरे नव्हतेच. खाणारं मूल अचानक घट्ट नको म्हणायला लागलं, मध्येच थांबून मान वर करायला लागलं, जेवणानंतर लाळ वाढली, तर अशा केसमध्ये आधी अन्ननलिका तपासायची, मग सवयींचा विचार. हे मी आता प्रत्येक आईला पहिल्याच भेटीत कागदावर लिहून देते.

हॉस्पिटलमधून आल्यावर तिने तोंड परत मिटलं. चौथ्या पायरीवर परत, ताटली, सार, कुळथाची पिठी, कुणी काही बोलायचं नाही. यावेळी वाट माहीत होती त्यामुळे काही आठवड्यांतच परत भातावर आली. नियम मात्र पक्के झाले, दोन घास झाले की एक घोट पाणी, प्रत्येक घास ओलसर, जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही, आणि घरातल्या कुणीही, पाहुण्यानेसुद्धा, आईला विचारल्याशिवाय तिच्या हातावर काही ठेवायचं नाही.

नळी कमी करणं

यात लोक घाई करतात. चार दिवस बरं खाल्लं की नळी बंद करून बघू. आम्ही असं ठरवलं होतं की आधी दुपारचं फीड कमी करायचं, कारण तेव्हा ती सगळ्यात जास्त खायची, आणि किती कमी करायचं ते वजनावरून. दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर, जेवणाआधी वजन. स्थिर किंवा वाढतं असेल तर पुढे, सलग दोनदा उतरलं तर फीड परत. तूप, घोटलेली डाळ, साय, अंडं, शेंगदाण्याचं कूट यांनी छोट्या घासात जास्त कॅलरी बसवल्या, एवढंसं पोट पातळ पेजेने भरून टाकण्यात अर्थ नाही. आणि पाणी नळीतूनच पुरेसं जात होतं त्यामुळे ती बाजू निर्धास्त.

बाविसाव्या महिन्यात दिवसाची सगळी फीड बंद झाली, चोविसाव्यात रात्रीचंही. वजन तेव्हा ९.८ किलो, म्हणजे अजून सरासरीच्या खाली पण रेषा वर जाणारी. नळी मात्र लगेच काढली नाही. सर्जननी सांगितलं एक पावसाळा जाऊ दे, सर्दी-खोकला-ताप येईल तेव्हा खाणं कमी होणारच, त्यातून ती स्वतःच्या तोंडावर सावरते का बघू. मला हे अगदी पटलं. आजारपणात औषध आणि पाणी नळीतून, बाकी तोंडाने, आणि बरं झाल्यावर आठवड्याभरात वजन परत जाग्यावर, असं दोनदा झालं तेव्हा नळी निघाली. पोटावरची जागा बऱ्याचदा आपोआप बुजते, हिची बुजली.

आता ती अडीच वर्षांची आहे. तीन जेवणं आणि मध्ये दोनदा खाऊ, एका जेवणाला अर्ध्या तासाच्या वर नाही, संपलं नाही तरी ताटली उचलायची, काय द्यायचं आणि कधी ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते तिने. घावन आवडतो, तो मऊ आणि ओला असल्यामुळे पोळीपेक्षा सोपा जातो. पोळी अजून आमटीत कुस्करून, बारीक. चिकन फक्त खिमा करून रश्श्यात. मासे खाते, काटे काढून कुस्करलेला बांगडा तिचा जीव की प्राण. बोलणं थोडं उशिरा सुरू झालं पण आता दोन-तीन शब्दांची वाक्यं येतात, त्यावर काम चालू आहे. सर्जनकडे दुर्बिणीची तपासणी ठरलेल्या वेळेला होतेच, मोठेपणीही या मुलांची अन्ननलिका अधूनमधून बघत राहावी लागते.

पुढच्या जूनला अंगणवाडीत जाईल. त्यासाठी आईबरोबर बसून सेविकाताईंसाठी एक पानभर चिठ्ठी तयार केलीय, खिचडी चालेल पण मऊ आणि ओली, उसळ असेल तर कुस्करून, राजगिऱ्याचा लाडू चुरून, चिक्की नाही, चणे-फुटाणे नाहीत, पाण्याची बाटली शेजारीच हवी, घाई करायची नाही, भुंकल्यासारखा खोकला तिचा नेहमीचा आहे, पण लाळ गळायला लागली आणि गिळेना तर काही भरवू नका, आधी या नंबरला फोन करा. चिठ्ठीच्या दोन झेरॉक्स काढल्यात, एक सेविकाताईंकडे आणि एक तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात.